पहिला टॅम्पॉन: न दुखता घालायचा कसा, काढायचा कसा

टॅम्पॉन म्हणजे पाळीचा स्राव शोषायला योनिमार्गात घालायची छोटी गुंडाळी. नीट बसलेला टॅम्पॉन जाणवत नाही. चालताना नाही, जिना चढताना नाही, मांडी घालून बसल्यावरही नाही. तो टोचत असेल किंवा खाली काहीतरी अडकल्यासारखं वाटत असेल, तर "सवय होईल हळूहळू" म्हणून सोसत बसू नका. तो चुकीच्या जागी थांबलाय एवढाच त्याचा अर्थ. पहिल्या वेळी बिनसण्याची कारणं मोजकी आहेत. दिशा चुकते, टॅम्पॉन पुरेसा आत जात नाही, स्राव कमी असताना कोरडाच घातला जातो, किंवा भीतीनं तिथले स्नायू आवळले जातात. पुढचं सगळं या चार गोष्टींभोवतीच आहे.

दुकानात काय मागायचं

आपल्याकडे मेडिकलच्या दुकानात मिळणारे बरेचसे टॅम्पॉन बिनॲप्लिकेटरचे असतात, म्हणजे थेट बोटानं आत सरकवायचे. कापूस किंवा रेयॉन दाबून केलेली करंगळीएवढी गुंडाळी, खाली दोरा आणि वरून पातळ प्लॅस्टिकचं वेष्टन, एवढंच. ही पद्धत जर्मनीत १९५०च्या सुमारास रूढ झाली आणि युरोपात आजही तीच जास्त चालते. अमेरिकेत मात्र उलट. तिथे पुठ्ठ्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या नळीत बसवलेला, म्हणजे ॲप्लिकेटरचा टॅम्पॉन सर्रास मिळतो. शिकायला म्हणून तिकडे गेलेल्या मुलीला दुकानात उभं राहिल्यावर हा फरक माहीत असलेला बरा. आपल्याकडे ॲप्लिकेटरचे ऑनलाइन मिळतात, थोडे महाग पडतात.

खोक्यावर लाइट, रेग्युलर, सुपर असं लिहिलेलं असतं, किंवा थेंबांची चित्रं असतात. याचा तुमच्या वयाशी, बांध्याशी, लग्नाशी किंवा बाळंतपणाशी काही संबंध नाही. टॅम्पॉन किती स्राव शोषतो, तेवढंच ते सांगतं. लाइट किंवा ज्युनिअर म्हणजे ६ ग्रामपर्यंत, रेग्युलर ६ ते ९, सुपर ९ ते १२, सुपर प्लस १२ ते १५ ग्राम. युरोपीय पद्धतीच्या खोक्यावर एक थेंब म्हणजे ६ ग्रामच्या आत, दोन थेंब म्हणजे ६ ते ९, असं चढत जातं. एका पाळीत सगळे दिवस मिळून साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं, हे लक्षात घेतलं की सुपर प्लसच्या वाट्याला जायची गरज बहुतेकींना पडत नाही हे कळेल.

पहिल्या वेळी सर्वांत लहान घ्या. तो बारीक असतो म्हणून घालायला सोपा, आणि लवकर भरतो म्हणून काढायलाही सोपा. "मोठा घेतला की जास्त वेळ चालेल" हा हिशेब इथे उलटा पडतो. मोठा टॅम्पॉन अर्धवटच भिजतो आणि कोरडा बाहेर ओढताना सोलवटल्यासारखं होतं. सुगंधी टॅम्पॉन घेऊच नका. त्या वासाचा उपयोग काहीच नाही, खाज आणि जळजळ मात्र होऊ शकते.

खोकं घरी आणलं की त्यातला एक वाया घालवा. वेष्टन काढून तो पेलाभर पाण्यात टाका आणि काय होतं ते बघा. काही टॅम्पॉन रुंदीत फुगतात, काही लांबीत वाढतात. मग दोरा धरून जरा जोरात ओढा. दोरा टॅम्पॉनच्या आतून पक्का शिवलेला असतो, हाताला येत नाही. "दोरा तुटून आतच राहिला तर?" ही भीती पुष्कळ जणींना असते, आणि ती समजावण्यापेक्षा अशी हातानं ओढून बघितली की लवकर जाते.

आत कसं असतं

मांड्यांमध्ये पुढून मागे अशी तीन तोंडं आहेत: सर्वांत पुढे लघवीचं बारीक छिद्र, मध्ये योनीमुख, मागे गुदद्वार. टॅम्पॉन मधल्यात जातो. म्हणूनच तो आत असताना लघवी करता येते. दारं दोन, वाटा दोन. हातात छोटा आरसा धरून एकदा बघून घ्या. ज्यांनी आयुष्यात तिथे कधी बघितलेलंच नाही, त्यांचा अर्धा वेळ नुसती जागा शोधण्यात जातो.

योनिमार्ग साधारण ७ ते १० सेंटिमीटर लांब असतो आणि तो सरळ वर जात नाही. उभं असताना तो मागे, कंबरेच्या खालच्या भागाकडे तिरपा जातो. बहुतेक जणी टॅम्पॉन डोक्याच्या दिशेनं, म्हणजे सरळ वर ढकलतात. तो पुढच्या भिंतीवर आपटतो, दुखतं, आणि "माझ्यात जागाच नाही" असं वाटतं. जागा आहे, ती मागच्या बाजूला आहे. सोय म्हणून एवढं लक्षात ठेवा: टोक माकडहाडाच्या जरा वर, जिथे साडीची गाठ किंवा पँटचा पट्टा मागून बसतो, त्या दिशेला.

दुसरी गोष्ट, योनिमार्गाचा बाहेरचा भाग फार संवेदनशील असतो, आतला भाग त्या मानानं फारसं काही जाणवून देत नाही. तोंडापासून दोनतीन सेंटिमीटर आत स्नायूंचा पट्टा आहे. लघवी अडवून धरताना आपण आवळतो तोच. टॅम्पॉन या पट्ट्याच्या पलीकडे गेला की तोच पट्टा त्याला खालून धरून ठेवतो आणि जाणवायचं थांबतं. पट्ट्यातच अडकला तर दर पावलाला टोचतो. भीतीपोटी थोडासाच आत घातला की जास्त दुखतं, ते यामुळे.

योनिमार्गाच्या वरच्या टोकाला गर्भाशयाचं तोंड असतं, त्याचं छिद्र अगदी बारीक. त्यातून टॅम्पॉन पुढे जाऊ शकत नाही. "पोटात गेला तर?" याचं उत्तर एवढंच: रस्ता तिथे संपतो.

योनिपटल आणि कौमार्याचा प्रश्न

योनिपटल हा योनीमुखाला बंद करणारा पडदा नसतो. ते कडेनं असलेलं लवचीक कातडं आहे, आणि मधल्या मोकळ्या जागेतूनच पाळीचं रक्त बाहेर येतं. लहान टॅम्पॉन बहुतेक वेळा त्याच जागेतून जातो. क्वचित हे कातडं थोडं ताणलं जातं किंवा किंचित फाटतं, एखादा थेंब रक्त येतं. ते सायकल चालवताना किंवा खेळतानाही होऊ शकतं, काहींच्या बाबतीत शरीरसंबंधानंतरही होत नाही. त्यामुळे योनिपटल बघून कौमार्य सांगता येत नाही. कोणत्याच तपासणीनं ते सांगता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे. लग्न झालेलं नाही म्हणून टॅम्पॉन वापरू नये, याला वैद्यकीय आधार नाही. घरात मोकळेपणानं बोलता येण्यासारखं असेल तर आईला किंवा मोठ्या बहिणीला सांगून सुरुवात करा. आईचा विरोध पुष्कळदा या एका मुद्द्यावर अडलेला असतो.

कोणत्या दिवशी करायचं

पाळीच्या दुसऱ्या दिवशी. किंवा तुमचा स्राव ज्या दिवशी भरपूर असतो त्या दिवशी. ओलावा असला की टॅम्पॉन सरकतो. पहिल्या दिवसाचे चार डाग किंवा शेवटच्या दिवसाचा तपकिरी स्राव असताना केलेला प्रयत्न हमखास फसतो. पाळी नसताना "सराव म्हणून" टॅम्पॉन घालून बघणं तर सगळ्यात वाईट: कोरडा कापूस कोरड्या त्वचेला घासतो, दुखतं, आणि मनात कायमची अढी बसते. सराव करायचाच असेल तर नखं कापलेलं स्वच्छ बोट पुरे. दिशा आणि स्नायूंचा पट्टा दोन्ही त्यानं कळतात.

वेळ अशी निवडा की अर्धा तास कुणी दार वाजवणार नाही. घरात एकच बाथरूम असेल तर सगळ्यांच्या आंघोळी उरकल्यावर. पोहायला किंवा सहलीला निघायच्या घाईत पहिला प्रयोग करू नका. त्या दिवशी हमखास जमत नाही.

घालायची पद्धत: बिनॲप्लिकेटरचा

१. साबणानं हात धुऊन कोरडे करा. वेष्टन ओल्या हातानं उघडलं तर टॅम्पॉन बाहेरच फुगायला लागतो. दोनचार टॅम्पॉन हाताशी असू द्या. जमिनीवर पडलेला वापरायचा नाही.

२. वेष्टनावर मध्ये एक रंगीत पट्टी असते. तिथे पीळ देऊन खालचा अर्धा भाग काढा. दोरा मोकळा करून एकदा ओढून बघा. आता टॅम्पॉनच्या बुडाशी दोरा गोल फिरवला किंवा बूड बोटानं जरा दाबलं की तिथे खळगा होतो. तर्जनीचं टोक त्या खळग्यात बसवा आणि मगच वरचा अर्धा भाग काढा. हे जमलं की टॅम्पॉन बोटावरून घसरत नाही.

३. एक पाय बादलीवर, स्टुलावर किंवा कमोडच्या कडेवर ठेवून उभ्या राहा. नाहीतर कमोडवर गुडघे फाकून जरा पुढे सरकून बसा. उकिडवं बसायची सवय असेल तर तेही चालतं, पण उकिडवं बसल्यावर योनिमार्ग जरा आखूड होतो आणि टॅम्पॉन खालीच राहिल्यासारखा वाटतो. अशा वेळी उभं राहिल्यावर परत तपासा. इंडियन संडासावर बसून पहिला प्रयत्न करू नका, हातातून सुटला की थेट खाली. फारच भीती वाटत असेल तर खाली जुना टॉवेल टाकून उताणं झोपा आणि गुडघे मुडपा. या स्थितीत पोट आणि मांड्या सर्वांत सैल पडतात.

४. दुसऱ्या हातानं योनीमुखाच्या दोन्ही बाजूंच्या कातडीच्या घड्या अलगद बाजूला करा. टॅम्पॉनचं टोक मधल्या तोंडाशी टेकवा. लगेच ढकलू नका.

५. एक श्वास पूर्ण सोडा आणि सोडतानाच लघवी सुरू करताना देतो तसा अगदी हलका जोर खालच्या बाजूला द्या. ऐकायला उलटं वाटतं, पण त्यानं तो स्नायूंचा पट्टा सैल होतो. श्वास रोखून धरला की पट्टा आवळतो. दातओठ खाऊन ढकलण्यात काही हशील नाही.

६. आता बोटानं टॅम्पॉन मागे, कंबरेच्या दिशेनं सरकवा. दोनतीन सेंटिमीटरवर अडेल. थांबा, पुन्हा श्वास सोडा, कोन किंचित मागे वळवा आणि सरकवा. पट्टा ओलांडला की अडकाव एकदम कमी झालेला बोटाला कळतो. पण तिथे सोडून देऊ नका. बोटाचं दुसरं पेर तोंडाशी येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ अख्खी तर्जनी आत जाईपर्यंत न्या.

७. बोट सरळ बाहेर काढा, दोरा बाहेर लोंबू द्या. दोरा आत ढकलायचा नाही. हात धुवा.

८. तपासणी: उभ्या राहा, चार पावलं चाला, बसा, खोका. काहीच जाणवलं नाही तर झालं. बसल्यावर बोचलं तर तो खाली आहे. लगेच बोटानं आणखी सेंटिमीटरभर आत सरकवून बघा. तरी बोचत असेल तर काढा. काढलेला टॅम्पॉन परत घालायचा नाही.

स्राव असूनही तोंडाशी कोरडं वाटत असेल, तर टोकाला पाण्याचा आधार असलेली वंगण जेली वाटाण्याएवढी लावा. मेडिकलमध्ये ट्यूबमध्ये मिळते. पेट्रोलियम जेली नको, ती आत चिकटून राहते. क्रीम, लोशन, बॉडी ऑइल यातलं काही नको.

ॲप्लिकेटरचा असेल तर

यात दोन नळ्या असतात, जाडीच्या आत एक बारीक. जाड नळीवर खाली खाचा किंवा कडी असते, तिथे अंगठा आणि मधलं बोट. दिशा तीच, मागे. जाड नळी त्या खाचांपर्यंत, म्हणजे तुमची बोटं अंगाला टेकेपर्यंत आत जाऊ द्या. मग तर्जनीनं बारीक नळी पूर्ण आत दाबा, दोन्ही नळ्या एकत्र बाहेर काढा. नळी अर्ध्यावर असतानाच दाबली तर टॅम्पॉन नेमका त्या पट्ट्यात सुटतो आणि दिवसभर टोचतो. बारीक नळी पूर्ण दाबली नाही तर नळीबरोबर टॅम्पॉनही बाहेर येतो. या पद्धतीत बहुतेक वेळा या दोनच चुका होतात. पुठ्ठ्याची नळी कडेला जरा खरखरीत असते. प्लॅस्टिकची गुळगुळीत, पण कचरा जास्त.

जमलं नाही तर

दोन प्रयत्न झाले, तिसरा करू नका. घासून तोंडाशी सूज येते आणि पुढचा प्रयत्न आणखी दुखतो. त्या दिवशी पॅड वापरा, दुसऱ्या दिवशी स्राव असेल तर परत बघा, नाहीतर पुढच्या महिन्यात. घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर टॅम्पॉन काढून पाय उंचावर ठेवून पडून राहा. भीतीनं किंवा तिथल्या नसा दाबल्या जाऊन असं होतं, काही मिनिटांत उतरतं.

तासाभरातच कपड्याला डाग पडला, तर लगेच मोठा टॅम्पॉन घेऊ नका. आधी काढून बघा. एका बाजूनं भिजलाय आणि दुसरी बाजू पांढरी, तर तो तिरपा किंवा खाली बसला होता. पूर्ण भिजलाय, तर स्रावाला लहान पडला, पुढच्या वेळी एक पायरी वरचा. पहिल्या दोनतीन पाळ्यांत वरून पातळ पँटीलायनर लावून ठेवा. पण मोठ्या टॅम्पॉनला दर तासा-दोन तासांनी बदलावं लागत असेल तर प्रश्न टॅम्पॉनचा उरत नाही. इतका स्राव डॉक्टरांना दाखवा, हिमोग्लोबिन तपासून घ्या.

काढायची पद्धत

घालण्यापेक्षा हे सोपं आहे, फक्त कोरडा नसावा. कमोडवर किंवा उकिडव्या बसा, श्वास सोडा, दोरा धरून ज्या तिरप्या रेषेत तो आत गेला त्याच रेषेत खाली आणि जरा पुढे ओढा. हलकंसं अडखळून बाहेर येतो. अजिबात सरकत नसेल आणि घालून दोन-तीन तासच झाले असतील तर तो अजून भिजलेला नाही, तासभर थांबा. चार तासांनंतरही निम्मा पांढरा निघत असेल, तर पुढच्या वेळी लहान घ्या, किंवा पाळीचे शेवटचे दिवस आले असतील तर पॅडवर या.

दोरा सापडत नाहीये? घाबरून उभ्या राहून शोधू नका. हात धुऊन उकिडव्या बसा, शौचाला देतो तसा जोर द्या, तर्जनी आत घालून दोरा किंवा टॅम्पॉनचं बूड चाचपडा. उकिडवं बसल्यावर तो खाली येतो. दोन बोटांच्या चिमटीत धरून ओढा. पिन, चिमटा, कसलंही हत्यार नको. हाताला लागलाच नाही, तर त्याच दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. त्यांना तो काढायला मिनिटभर लागतं आणि ही तक्रार त्यांना नवी नसते. पाळीच्या शेवटी एक टॅम्पॉन आतच विसरणं हेही घडतं. आठवडाभरानं सडका वास आणि घाण पांढरा-तपकिरी स्राव सुरू झाला, तर पहिला संशय तोच घ्या.

किती तास, आणि ते का महत्त्वाचं

चार ते सहा तासांनी बदला. आठ तास ही वरची हद्द, ती ओलांडायची नाही, डाग पडलेला नसला तरीही. घातला की मोबाइलवर गजर लावा. रात्री पॅडच बरा, असं आमचं मत. वापरायचाच असेल तर झोपायच्या अगदी आधी नवीन घाला आणि उठल्याबरोबर काढा. रविवारी नऊ-दहा तास झोपणारीनं तर पॅडच वापरावा. एका वेळी एकच. आणि नेहमी कामापुरता लहानात लहान.

यामागे टॉक्सिक शॉक सिंड्रोम नावाचा आजार आहे. तो फारच विरळ, पण झाला तर काही तासांत जिवावर बेततो. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हे जंतू अनेकांच्या अंगावर, नाकात, काहींच्या योनिमार्गातही असतात. त्यातल्या काही जाती विशिष्ट परिस्थितीत विष तयार करतात. १९८० मध्ये अमेरिकेत अशा रुग्णांची एकदम लाट आली आणि त्यात रिलाय नावाच्या अतिशोषक टॅम्पॉनचा संबंध दिसला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो बाजारातून मागे घेतला गेला. शोषणक्षमतेच्या ग्रामांच्या ज्या ठरावीक पायऱ्या वर दिल्या, त्या तिथे सक्तीच्या झाल्या त्या या प्रकरणानंतर. किशोरवयीन मुलींच्या शरीरात या विषाविरुद्धची प्रतिकारशक्ती कधी कधी तयार झालेली नसते, म्हणून नव्यानं वापरणाऱ्यांनी तासांचा हिशेब जास्त काटेकोर ठेवावा.

लक्षणं ही: एकाएकी ३८.९ अंश सेल्सिअसच्या (१०२ फॅरेनहाइट) वर ताप, उलट्या किंवा जुलाब, अंग मोडून येणं, उन्हानं भाजल्यासारखी लाल कातडी, चक्कर किंवा उभं राहिल्यावर अंधारी. टॅम्पॉन वापरत असताना किंवा नुकताच वापरला असताना यातलं काही झालं, तर टॅम्पॉन काढा आणि थेट हॉस्पिटल गाठा. सकाळपर्यंत वाट बघायची नाही. आणि डॉक्टरांना आपणहून सांगा, "पाळी चालू आहे, टॅम्पॉन वापरत होते." पावसाळ्यात ताप, उलट्या, अंगावर लाली म्हटलं की आपल्याकडे आधी डेंगी आठवतो, आणि तरुण मुलीला पाळीबद्दल विचारायला समोरचाही कचरतो. हे वाक्य तुम्हीच बोललात तर वेळ वाचतो.

हा आजार एकदा होऊन गेला असेल तर टॅम्पॉन पुन्हा कधीच नाही. योनिमार्गाला संसर्ग असताना, बाळंतपणानंतर साधारण सहा आठवडे आणि गर्भपातानंतर किंवा तिथल्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर हो म्हणेपर्यंत थांबा. तांबी बसवलेली असेल तर टॅम्पॉन चालतो, फक्त काढताना तांबीचा दोरा चुकून ओढला जात नाही ना, ते बघा.

लघवी, संडास, पोहणं, प्रवास

लघवीला जाताना टॅम्पॉन काढायची गरज नाही. दोरा एका बाजूला धरा म्हणजे भिजणार नाही. संडासाला जोर द्यावा लागला तर टॅम्पॉन खाली सरकू शकतो. नंतर बसल्यावर बोचलं तर बदला. आपल्याकडे जेट स्प्रे आणि तांब्या, त्यामुळे दोरा ओला होणारच. धुताना पाण्याची धार पुढून मागे ठेवा आणि दोरा टिपून घ्या. मागचं पाणी दोऱ्याला लागलं असेल तर टॅम्पॉन बदललेलाच चांगला.

पोहायला जाण्याआधी नवीन घाला, दोरा कॉस्च्यूमच्या आत खोचा, बाहेर आल्यावर बदला. गोव्याच्या किनाऱ्यावर असो की पोहण्याच्या तलावात, थोडं पाणी दोऱ्यावाटे शोषलं जातं, त्यानं घाबरायचं कारण नाही, पण ओला दोरा तासन्‌तास ठेवू नका.

प्रवासाचं गणित वेगळं. एसटी स्टँडवरच्या स्वच्छतागृहात नळाला पाणी असेलच असं नाही, साबण तर नाहीच. हात धुता येणार नसतील तर बिनॲप्लिकेटरचा टॅम्पॉन घालू नका. प्रवासापुरते ॲप्लिकेटरचे घ्या किंवा पॅड लावा. सॅनिटायझर वापरलात तर हात पूर्ण वाळू द्या. ओल्या सॅनिटायझरचं बोट तिथे लागलं तर जी आग होते ती विसरता येत नाही.

वापरलेला टाकायचा कुठे

कमोडमध्ये नाही. टॅम्पॉन पाण्यात विरघळत नाही, उलट फुगतो, आणि सोसायटीची लाइन तुंबते. वर्तमानपत्रात गुंडाळा, त्यावर पेनानं लाल ठिपका काढा आणि वेगळा द्या. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेनं ही लाल ठिपक्याची पद्धत रुजवली. कचरा हातानं निवडणाऱ्या बाईला पुडक्यात काय आहे ते न उघडता कळावं, एवढाच हेतू. प्रवासात दोन झिपच्या छोट्या पिशव्या पर्समध्ये ठेवा, एक नव्यांसाठी, एक वापरलेल्यांसाठी.

खर्च पॅडपेक्षा जास्त येतो, हे खरं. जुलै २०१८ पासून सॅनिटरी पॅड आणि टॅम्पॉनवरचा जीएसटी शून्य आहे, तरीही. म्हणून पुष्कळ जणी फक्त पोहणं, खेळ, नृत्याचा कार्यक्रम अशा दिवशी टॅम्पॉन आणि एरवी पॅड असं करतात. त्यात काही वावगं नाही.

डॉक्टरांकडे कधी

तीनचार पाळ्या सगळं नीट करूनही टोक आत जात नसेल, किंवा स्वतःचं बोटही जात नसेल, तर दाखवा. कारणं साधारण दोन. एक, स्नायू आपोआप आवळले जाणं. तुम्ही ठरवून करत नाही, शरीर करतं. यावर व्यायाम आणि टप्प्याटप्प्यानं सवय करण्याचे उपचार आहेत, ओटीपोटाच्या स्नायूंचं काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टही मोठ्या शहरांत आहेत. दोन, योनिपटलाची जन्मजात वेगळी रचना. काही जणींच्या योनीमुखावर मधोमध कातड्याची एक उभी पट्टी असते. यात गंमत अशी की कोरडा बारीक टॅम्पॉन पट्टीच्या बाजूनं आरामात आत जातो, आणि भिजून फुगल्यावर बाहेर येताना त्या पट्टीला अडकतो. जाताना सहज आणि येताना जीवघेणं दुखलं, तर जोर लावून ओढू नका. स्त्रीरोगतज्ज्ञ तो काढून देतील, आणि ती पट्टी छोट्या शस्त्रक्रियेनं काढता येते, बहुधा त्याच दिवशी घरी सोडतात.

तपासणीला जाताना आधीच सांगा, "आत काहीही घालताना दुखतं, शरीरसंबंध आलेला नाही" किंवा "आलेला आहे", जे असेल ते. त्यावरून तपासायचं कसं हे डॉक्टर ठरवतात. पुष्कळदा नुसतं बाहेरून बघूनही निदान होतं. तपासताना स्त्री डॉक्टर किंवा सिस्टर सोबत हवी असं म्हणायचा तुम्हाला हक्क आहे, आणि दुखलं तर "थांबा" म्हणायचाही.